मागच्या अंगणातल्या मातीची व्यवस्था

मी, कुनिशिगे तोकुझो, वय ८१, धंदा चहाचे वाडगे घडवणे, राहणार हागी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनाही विचारून घेतले. शाळा सहावीपर्यंतच झाली, चुका सांभाळून घ्याव्यात. मंगळवारी छातीचे ऑपरेशन आहे आणि उठून परत घरी येईन असे मला वाटत नाही.

१. घर, जमीन, बँकेतले सगळे माझा मुलगा हिसानोरी याला. यात वाद नाही.

२. वाडगे घडवायचे चाक खालच्या गल्लीतल्या मोरितोंना द्यावे. ते किंचित डावीकडे ओढते, हे आधी सांगावे.

३. जर्दाळू रंगाचा वाडगा शेजारच्या ओकाबे त्सुयुबाईंना. त्या त्यात भात खातील. खाऊ द्यावा. पेटीत ठेवलेल्या वाडग्याला रंग चढत नाही. चहाचा विधी शिकवणारे गुरू कितागावा यांना काहीही देऊ नये. त्यांनी चारचौघांत माझा वाडगा हातात तोलून "कुंडी म्हणून बरा आहे" म्हटले होते. अंत्यविधीला आले तर चहा द्यावा, कागदी पेल्यात.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या छपराखालच्या खड्ड्यात माती मुरत आहे. आमच्या घरात स्वतः खणलेली माती कोणी स्वतः वापरत नाही. मी जन्मभर आजोबांनी मुरवलेली वापरली. ही मी खणलेली, नातवंडासाठी. जिथून ती आणली त्या डोंगरावर आता रस्ता झाला, तिथली माती पुन्हा मिळायची नाही. ती सुकली की इतक्या वर्षांचे मुरणे फुकट.

हिसानोरीला तिथे गाडीसाठी सिमेंट करायचे आहे. परवा म्हणाला, "बाबा, चिखल कोणी वारसांना ठेवतं का?"

मी म्हणालो, "मला ठेवला होता. त्याच चिखलावर तू जेवलास."

"पण नातवंड आहे कुठे?"

आत सूनबाई कानाए मुळा चिरत होती. सुरी थांबली. सूनबाई, यात तुला कोणी बोल लावू नये. नातवंड हा शब्द मी सवयीने लिहिला.

म्हणून घरची रीत मी मोडतो. कोणाचेही मूल मागायला आले तर माती त्याला द्यावी, नाव-गाव विचारू नये. तोवर ओल राखावी. हिसानोरी, मी तुझ्यापुढे हात जोडतो. घर विकलेस तरी चालेल, पण खड्डा बुजवू नकोस.

त्सुयुबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "घालीन हो पाणी. पण मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी. मला किती दिवस धरताय?"

आणखी कोणाला विचारावे ते सुचत नाही.

साक्षीदार: ओकाबे त्सुयु, शेजारी (सही)
होशुन, देवळाचे पुजारी (सही)

कुनिशिगे तोकुझो (सही व शिक्का)
हागी, रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

ता. क. आज पाणी घातले आहे. आता बुधवारी लागेल. मातीवर अंथरलेले गोणपाट भिजवावे, वरून ओतू नये. झारी दाराशी आहे.