फ्राउ काल्वाइटच्या होड्या

४ एप्रिल १९५९, शनिवार

मिनिगोल्फ! सरोवराकाठचं बोरूचं अख्खं बेट कापून तिथे मिनिगोल्फ!

पाव आणायला गावात गेले होते. राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, फलकावर नकाशा लावलाय. काठाने सिमेंटची भिंत, तिच्यावर फिरायला रस्ता, बाकं, झेंडे. हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणे! आणि आमच्या लाकडी घरावर नि होड्यांच्या धक्क्यावर लाल फुली. फुली! जसं काही तिथे माणसं राहतच नाहीत.

धावत घरी आले. फ्राउ काल्वाइट बटाटे सोलत बसल्या होत्या. लढाई संपता संपता पूर्वेकडून निर्वासित होऊन आलेली ही बाई. तेव्हापासून याच घरात. पाहुण्यांना होड्या भाड्याने देतात, मागची खोली मला दिलीय. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आख, फ्रॉयलाइन वसुधा. असू द्या."

असू द्या? का म्हणून असू द्या!

५ एप्रिल

झोप लागली नाही. पहाटे खिडकीत बसले तर समोर तुरेवाल्यांचा नाच! आपल्या पाषाणच्या तलावावरची टिबुकली असते ना, तिची थोरली, नटवी बहीण म्हणावी असा हा पक्षी. नर-मादी समोरासमोर येतात, माना ताठ, तुरे फुललेले, आणि डावी-उजवीकडे नकार द्यावा तशी डोकी हलवतात. मग दोघंही बुडी मारून चोचीत शेवाळ घेऊन येतात, छातीला छाती लावून पाण्यावर उभी राहतात! दहा वेळा पाहिलं तरी हसू येतं.

घरटी बोरूतच करतात. आणि कापणी कधी? फिंग्स्टेन या ख्रिस्ती सणाच्या सुटीआधी. म्हणजे मेच्या मध्यावर, ऐन अंडी उबवायच्या दिवसांत. माझी दोन वर्षांची मोजणी त्याच बेटात आहे, ते वेगळंच. संस्थेतले प्रोफेसर म्हणतात, "दुसरा काठ निवडा." काठ म्हणजे काय टेबल आहे सरकवायला?

१२ एप्रिल, रविवार

माझा पुण्याचा मित्र सुधीर हॅम्बुर्गहून आला होता. होडी घेऊन पलीकडच्या बीच वृक्षांच्या जंगलात गेलो. झाडांना अजून पानं नाहीत, पण खाली पांढऱ्या फुलांची चादर, पाय कुठे ठेवावा कळेना. वर किल्ल्याच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन. डबा खाल्ला— साबुदाण्याची खिचडी, दाण्याऐवजी बदाम घालून. सुधीरने नाक मुरडून सगळी संपवली.

मिनिगोल्फचं सांगितलं. तो ढिम्म.

"तू इथे पीएच.डी. करायला आलीयस की गाव सुधारायला?"

"ते बेट म्हणजेच माझी पीएच.डी. आहे!"

"मग तसं म्हण. त्या म्हातारीला कशाला मध्ये आणतेस?"

"कारण तिचं घर जातंय, सुधीर! एकदा तिचं सगळं गेलंय, आता दुसऱ्यांदा. आणि गावात कुणाला त्याचं काही नाही. अजून तिला फ्लुश्टलिंगच म्हणतात— निर्वासित! चौदा वर्षं झाली तरी!"

"तिने तुला सांगितलं का, माझ्यासाठी भांड म्हणून?"

असे हे आपले लोक. परक्या देशात आलो म्हणून तोंडाला कुलूप. परतताना वल्ही त्यालाच मारायला लावली. हाताला फोड आले त्याच्या. येऊ देत.

१७ एप्रिल

रोरडोमेल ओरडू लागला. बगळ्याच्या जातीचा, बोरूच्या रंगाचा, दिसत कधीच नाही. रिकाम्या बाटलीत फुंकर मारावी तसा आवाज— हूंप! हूंप! हाही जाणार. मिनिगोल्फसाठी.

२४ एप्रिल, शुक्रवार

गावसभेहून आत्ता आले.

मुद्दाम निळी इंदुरी साडी नेसून गेले. वर कोट. फ्राउ काल्वाइटना म्हटलं चला, तर म्हणाल्या पाठ दुखतेय. घाबरल्यात बिचाऱ्या! त्यांच्याऐवजीही मीच बोलायचं ठरवलं.

अध्यक्ष कोण? हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुन्स. स्टेशनसमोरच्या हॉटेलचा मालक. पाहुणे वाढले की कुणाच्या खोल्या भरणार, हे काय सांगायला हवं? मी उभी राहिले. पाठ केलेलं जर्मन अर्ध्यात विसरले, पण बोलले. घरट्यांबद्दल बोलले, भिंत बांधली की पाणी कसं कुजेल ते सांगितलं. हेर ब्रुन्स हसत म्हणाला, "फ्रॉयलाइन, तुम्ही तुमच्या देशातले वाघ सांभाळा. आमची बदकं आम्ही बघू."

सगळे हसले. सगळे!

"ती बदकं नाहीत!" मी ओरडलेच. "तुमच्या दारातला पक्षी कुठला, ते तुम्हाला माहीत नाही. आणि तुमच्या दारातलं माणूसही तुम्हाला माहीत नाही. फ्राउ काल्वाइटना कुठे पाठवणार आहात? हे सरोवर म्हणजे त्यांचं आयुष्य आहे! पुन्हा एकदा त्यांना रस्त्यावर काढणार?"

आता कुणी हसलं नाही. ब्रुन्स काहीतरी बोलायला गेला, "आल्झो, फ्राउ काल्वाइटच्या बाबतीत आम्ही—" पण मी त्याला बोलूच दिलं नाही. मागे बसलेल्या निवृत्त शाळामास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग आणखी दोघा-चौघांनी.

घरी येऊन सगळं सांगितलं. फ्राउ काल्वाइट स्टोव्हकडे तोंड करून उभ्या. "तुम्ही असं म्हणालात? सरोवर म्हणजे माझं आयुष्य?" मी म्हटलं, "म्हणाले! अगदी ठासून!" त्यांनी माझ्या पुढ्यात सूप ठेवलं. डोळे ओले होते.

२५ एप्रिल

वाघ म्हणे! पुण्यात वाघ पाहिलाय कुणी?

३ मे, रविवार

दिवसभर धक्क्यावर सह्या गोळा केल्या. घडीच्या होड्या घेऊन येणारे फाल्टबोटवाले, काठ्या टेकत चालणारे, पोहायला आलेल्या किएलच्या पोरी— अजून दात वाजतील इतकं गार पाणी, पण उड्या मारतात! सगळ्यांनी आनंदाने केल्या. गावातल्यांनी मात्र मोजक्याच. पाववाली बाई म्हणाली, "तुम्ही दोन वर्षांनी घरी जाणार, आम्हाला इथेच राहायचंय."

सुधीरही आला होता, सह्यांना मदत करायला.

फ्राउ काल्वाइटनी सही केली नाही. "नंतर," म्हणाल्या. इतकी वर्षं दबून राहिलेलं माणूस. पेन हातात घ्यायलाही भितं. या गावाने काय करून ठेवलंय तिचं! संताप येतो.

८ मे

किएलच्या वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला. त्याला मी साडीत हवी, फ्राउ काल्वाइट होडीत हव्या. त्या धक्क्यावरच उभ्या राहिल्या, पुढे येईनात. तो म्हणे, "जरा बसा की, मिनिटभर!" "नाइन, नाही," त्या म्हणाल्या. दोनदा. शेवटी मी होडीत बसले आणि त्या वर, हात घट्ट बांधून. छापलेल्या फोटोत कशा रागीट दिसतात! बरोबर आहे, रागीटच दिसायला हवं.

१४ मे, गुरुवार

जिंकलो! जिंकलो!

आमच्या सह्यांच्या अर्जावर जिल्ह्याच्या कचेरीचा हुकूम आला— बोरूला हात लावायचा नाही. यंदा नाही, पुढेही नाही. घर आणि धक्का जागच्या जागी. मिनिगोल्फ स्टेशनमागच्या कुरणावर करा म्हणे. ब्रुन्सचा चेहरा पाहायला राटहाउससमोरून मुद्दाम दोन चकरा मारल्या.

मास्तर फुलं घेऊन आले. फ्राउ काल्वाइटना मी मिठीच मारली. लाकडासारख्या ताठ उभ्या राहिल्या. आनंदाची सवय नसते काही लोकांना.

१७ मे, फिंग्स्टेन

सकाळपासून गर्दी. वर्तमानपत्र वाचून लोक मुद्दाम आपल्या धक्क्यावर येतायत. चारही होड्या दिवसभर पाण्यात. टेकडीवर मोहरीसारखं रेपचं पीक फुललंय, इतकं पिवळं की डोळे दिपतात. पण माणसांना लाज म्हणून नाही! एकाने होडी थेट बोरूत घुसवली, बायकोला घरटं दाखवायला. मी काठावरून अशी ओरडले की पठ्ठ्याच्या हातातलं वल्हं सुटलं.

फ्राउ काल्वाइट तिकिटं फाडत होत्या. संध्याकाळी म्हटलं, "बघा, किती बरं झालं!" तर "या", म्हणजे हो, एवढंच. ना केक, ना कॉफी. मी काही आभारांची भुकेली नाही. पण महिनाभर मी कुणासाठी घसा फोडला? थोडं तरी हसावं की नाही माणसाने?

२४ मे

कालपासून त्या बोलतच नाहीत. रात्रीचं सूप दाराबाहेर ठेवून जातात. मी काय केलं? निदान काय केलं ते तरी सांगा!

३१ मे, रविवार

पिल्लं! तुरेवालीच्या पाठीवर दोन पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची तोंडं, पंखांच्या दुलईतून बाहेर डोकावणारी. नर मासा घेऊन आला. मासा पिल्लाच्या डोक्याएवढा, तरी गिळला! सुधीरला दुर्बीण दिली तर परत देईना.

आनंदाने फ्राउ काल्वाइटना हाक मारली— या, बघा, ही तुमची पिल्लं! खिडकी बंद करून घेतली त्यांनी. माझ्या तोंडावर. आता हद्द झाली. उद्या विचारणारच आहे.

२ जून

विचारलं.

घर सोडण्याच्या बदल्यात त्यांना नवी जागा मिळायची होती. टेकडीवर, सरोवराकडे पाठ असलेल्या इमारतीत दोन खोल्या, न्हाणीघरासकट. सात वर्षं अर्ज करत होत्या. पडद्याचं कापडही आणलं होतं. हे घर राहिलं, म्हणून ती जागा दहा दिवसांपूर्वी दुसऱ्या कुटुंबाला दिली. मी सकाळीच ब्रुन्सकडे गेले, हात जोडले. तो हसला नाही. "सभेत तेच सांगत होतो," म्हणाला. आता काही होत नाही.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत त्या गोठलेल्या खाडीवरून घोडागाडीने पळून आल्या. पुढच्या गाडीत त्यांची आई आणि त्यांचा धाकटा मुलगा होता. बर्फ फुटला. चौदा वर्षं त्या रोज रात्री पाण्याचा आवाज ऐकत झोपतायत.

"मग मला थांबवलं का नाही?" मी विचारलं.

"माझ्यासाठी आजवर कुणी भांडलंच नव्हतं, फ्रॉयलाइन. तुम्हाला थांबा कसं म्हणू?"