गाऱ्हाण्यात कबूल केलेला हिशोब

आये, तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी नगरसेविका झाले. ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. नगरपालिकेतली माणसं म्हणजे कामापुरते मामा, असं तू म्हणायचीस, आणि आता तुझीच लेक त्यांच्यात जाऊन बसली आहे.

मला तुझा मासळीबाजार आठवतो. ओल्या फरशीवर तू पाटी मांडून बसली आहेस, बाजारफी घेणारा समोर उभा आहे, आणि पैसे देताना तू त्याला खवल्यांनी माखलेले हात दाखवते आहेस. "फी घेतंस ती घे, पण हात धुवूक पाणी खंय आसा, तां सांग." तो ओशाळून हसायचा. शाळेच्या गणवेशात तिथं उभं राहायची मला लाज वाटायची. एकदा घरी तसं बोललेही. तू चुलीवर बांगड्याचं तिखलं ठेवत होतीस. मागे न बघताच म्हणालीस, "पैशे आपले गो. इचारूक लाज कसली?" मग त्यात तिरफळं टाकलीस आणि जेवताना मला सगळ्यात मोठा तुकडा वाढलास. रागावून झालं की तुझी माया अशी ताटात यायची.

तो बाजार पाडून आम्ही कर्ज काढून नवा बांधला. खाली मासळीचे ओटे, वर भलंमोठं सभागृह. ठरावाला सगळ्यांबरोबर माझाही हात वर होता. भूमिपूजनाला गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां कर्ज काढून बाजाराक हात घालतत, तां काम तडीक ने रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" "आणि काम झाल्यार पै-पैचो हिशोब तुझ्या देवळात गावाक देतले म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" घाटावरून बदली होऊन आलेले मुख्याधिकारीसुद्धा, सगळे ओरडतात म्हणून, मोठ्यानं ओरडले. आपण काय कबूल केलं ते आमच्या लक्षात आलं नारळ फुटल्यावर.

कर्जाचे हप्ते सुरू झाले तशी ओट्यांचं भाडं आणि घरपट्टी वाढवायची टूम निघाली. मासेवाल्या बायका म्हणाल्या, आधी देवळातला हिशोब द्या. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ऑडिट होणारच आहे की!" पण आपल्याकडे ऑडिटला न भिणारा माणूसही गाऱ्हाण्याला भितो, तुला माहीत आहे. ठरल्या दिवशी एकाचा गुडघा धरला, दुसऱ्याला मुंबईत साखरपुडा निघाला, अध्यक्षांना ताप भरला. उरले मी.

परवा देवळाच्या मंडपात उभी राहून मी सगळं वाचलं. कर्ज किती, बाजारावर किती गेलं, सभागृहावर किती. बाजारापेक्षा सभागृहावरच जास्त गेलं होतं. तुझ्या पाटीला पाटी लावून बसायची ती मावशी पुढेच होती. आता तिची सून बसते बाजारात. मावशीनं विचारलं, "बाय, वरचो हॉल कोणाक होयो होतो?"

"आमका, मावशे. नगरपालिकेक."

"आमका इचारल्यात?"

"नाय."

"मगे वरचे हप्ते त्या हॉलाच्या भाड्यातसून भरा. आमी खालचे भरतलव." आणि पदर खोचून तिनं देवाकडे तोंड केलं. "असाच होवंदे रे म्हाराजा!"

सगळा मंडप सवयीनं गरजला, "व्हय म्हाराजा!" त्यात मीही होते. झालं, पुन्हा एक वचन गळ्यात! दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा ताप उतरला. माझ्यावर चिडले, पण भाडेवाढ मागे घेतली. आता सभागृहासाठी लग्नाची गिऱ्हाइकं शोधत मी गावभर फिरते आहे.

मावशी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आवस आसती तर खूश झाली आसती गो." मी मान हलवली. तू खूश झाली असतीस की नाही, मला ठाऊक नाही. तू एवढ्यावर थांबली नसतीस, मला विचारलं असतंस, "हात वर करताना तुझी जीभ खंय होती?"

हे तुला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पुढचं मी खोडलंच असतं. हिशोब वाचायच्या आधी मी त्या बायकांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. तू तिथं नाहीस याचं मला हायसं वाटलं, आये. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.