तीन सिंहांची दुनळी

आणि दादा, ती बंदूक इंग्रजाची नाही. फोनवर चारदा सांगितलं. चारही वेळा तू फोन नीलिमाच्या हाती देऊन चहा प्यायला निघून गेलास. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी संघदीप भीमराव सरकटे, वय चोवीस, सातवी नापास, रा. आसेगाव, ता. मंगरुळपीर, जि. वाशीम, सध्या हिमाचलात बोगद्याच्या कामावर ड्रिल मशीनचा हेल्पर. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दम दिलेला नाही, प्यालेलो नाही. परवा वरून दगड आला. माझ्या जोडीदाराचं, बादलचं, हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. त्याच दिवशी ठरवलं की माझ्यामागे काय कोणाचं, ते मीच सांगून ठेवावं.

शेतातला माझा हिस्सा आईला. पगारातून कापलेला फंडही तिलाच. मोटरसायकल दादाला, म्हणजे प्रसेनजितला, तशीही तीन वर्षं न विचारता तोच फिरवतो. पेट्रोल टाकून ठेवायची अट मी मेल्यावरही लागू राहील. पान्यांची पेटी बहिणीला, नीलिमाला, कारण विहिरीवरची मोटर घरात तिलाच खोलता येते.

आता बंदूक.

आमचे आजोबा, आबा, म्हणजे इंद्रभान सरकटे, गेल्या वर्षी वारले. परवाना त्यांच्या नावाचा, पीक राखायचा, म्हणून बंदूक अकोल्याच्या दुकानात जमा आहे. बाबा त्यांच्याआधीच गेलेले, म्हणून वकिलाच्या सांगण्याप्रमाणे आई, दादा, नीलिमा आणि मी, असे तिच्यात चार सारखे हिस्से. आईने आपला नीलिमाला लिहून दिला. माझाही मी या कागदाने नीलिमाला देतो. ती स्वतःच्या नावाने परवाना मागते आहे. अडलं आहे ते दादाच्या एका सहीवर, कारण दादाला बंदूक विकायची आहे.

झालं असं, की दादाने नळीवर १८७६ हा आकडा वाचला आणि ते साल धरलं. गावभर सांगितलं, इंग्रज साहेबाने शिकारीत खूश होऊन पणजोबाला दिली, आता बारा लाख येतात. जमा करायच्या आधी गिऱ्हाइकाला चमकलेली दिसावी म्हणून एमरी पेपर घेऊन अर्धा दिवस घासली. वरची अक्षरं गेली. खोल होता म्हणून आकडा तेवढा राहिला.

नीलिमाचा त्यावर विश्वास बसला नाही. ती एसटीने अकोल्याला गेली, दुकानदाराला नळीखालचं लाकूड काढायला लावलं आणि फोटो मला पाठवले. ते लाकूड निघतं हे दादाला माहीतच नव्हतं. आबा बंदूक साफ करायला बसायचे तेव्हा तेल आणि चिंधी नीलिमाच्या हातात असायची.

इथे स्फोटकांच्या कोठारावर मदनसिंग म्हणून राखणदार आहेत. फौजेत तीस वर्षं बंदुकाच दुरुस्त केल्या. त्यांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला आणि हसले. "ये तीन शेर देख, बेटा. अशोक का ठप्पा. अंग्रेज ये ठप्पा मारेगा? अपने सरकारी कारखाने की है. बाजू में चौंसठ, वो साल है. तेरा अठारह सौ छिहत्तर तो नंबर है, जैसे गाड़ी का होता है."

मग नीलिमाने परवान्याचं जुनं पुस्तक काढलं. पहिलं पान चिकटलेलं, वाफेवर धरून सोडवलं. सन १९६७, नवी, दुकानातून खरेदी. त्याआधीची दोन वर्षं आबांनी केनवडपर्यंत जाऊन लोकांच्या विहिरी खोदल्या. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कशासाठी ते कोणी विचारलं नव्हतं.

दादा, पणजोबाने साहेबाच्या शिकारीत हाकारे घातले, हे खरंच आहे. पण त्यांच्या पोराने, आबांनी, परवाना काढून कोरी दुनळी घेतली. दर निवडणुकीला पांढरा शर्ट घालून आबा ती ठाण्यात जमा करायला जायचे आणि पावती खिशात नीट घडी करून आणायचे. तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की एकच बार, तोही आभाळात. एवढ्या वर्षांत एक जनावर मारलं नाही. असा माणूस मी अजून दुसरा पाहिला नाही, आणि तू त्याची कमाई साहेबाची बक्षिसी करून ठेवलीस.

तू म्हणालास, "पोरीच्या हाती बंदूक? लोक काय म्हनतीन?" नीलिमा म्हणाली, "दादा, डुकराले काय कयते राखनदार पोरगी हाय का पोरगं? तू येतं काय मग जागलीले?" तू गेला नाहीस. सोयाबीन तिने एकटीने राखलं. आबांचे जुने फटाके फोडून आणि पत्र्याचा डबा बडवून.

म्हणून माझी शेवटची इच्छा आजच सांगतो, मरेपर्यंत थांबत नाही. बंदूक विकू नये. नीलिमाच्या परवान्यासाठी दादाने ना हरकत कागदावर सही करावी. परत घासू नये.

साक्षीदार : १) मदनसिंग (सही) २) बादल (डावा अंगठा, उजव्याला पट्टी आहे)
लिहिणार : संघदीप भीमराव सरकटे (सही)
ठिकाण : बोगदा कॅम्प, जि. चंबा. तारीख : ९ नोव्हेंबर २०२५

दुकानदाराने लिहून दिलेली किंमत, घासलेली धरून, अठ्ठावीस हजार. त्यातला दादाचा चौथा हिस्सा मी विकत घेऊन नीलिमाला देतो. आज दादाच्या खात्यावर पाठवतो आहे : रुपये सात हजार फक्त.