डॉक्टरांच्या गाडीतला आवाज

१२ जानेवारी १९६४, बुलढाणा

नाहीच मानणार मी. गाडीत आवाज आहे. मोताळ्याचे पेशंट बघून येताना राजूर घाटाचा चढ लागला आणि इंजिनातून बारीक चिरचिर सुरू झाली — सुरीला धार लावतात तशी. ह्यांना सांगितलं. "कसला आवाज? तुझ्या बांगड्या वाजत असतील." बांगड्यांना रुमाल गुंडाळून बसले. आवाज होताच.

१३ जानेवारी

आज पुन्हा. हे नुसते हसले.

१५ जानेवारी

कचरू मिस्त्रीकडे गाडी नेली. हे आधीच त्याला म्हणाले, "आवाज काही नाही. बाईसाहेबांचं समाधान कर." कचरूनं बॉनेट उघडून कान दिला. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "ठीक हाये, साहेब."

ठीक म्हणे!

१६ जानेवारी

हे दवाखान्यात असताना एकटीच कचरूकडे गेले. म्हटलं, खरं सांगा.

"आवाज तं हाये, बाईसाहेब. पन डाक्टरसाहेब नाही म्हनून राह्यले. माह्या पोराले त्यायनंच टायफॉइडातून काढलं. त्यायले खोटं कसं पाडू?"

म्हणजे खरं बोलायला मी एकटी. असू दे. आता मीच शोधते.

१९ जानेवारी, रविवार

पदर खोचला. पंख्याचा पट्टा काढून इंजिन सुरू केलं — आवाज बंद. लग्नानंतर गाडी शिकवताना ह्यांनीच ही युक्ती सांगितली होती. म्हणजे दोष इंजिनाच्या पोटात नाही. पट्ट्यावर जे फिरतं त्यात आहे. डायनमो, नाहीतर पाण्याचा पंप.

पट्टा परत चढवला. ह्यांच्या बॅगेतून स्टेथास्कोप आणला. डायनमोला लावला — साधी घरघर. पंपाला लावला, तर कानात सुरीच फिरली. पंपाचं बेअरिंग गेलंय. घाटात तुटलं असतं म्हणजे?

तेवढ्यात हे आले. भलतेच चिडले. "पेशंटच्या छातीला लावायची वस्तू आहे ती."

"माहीत आहे. लावा कानाला."

मी हटणार नव्हते. त्यांनी कानात घातला, पंपावर धरला. बराच वेळ धरला. काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शारदा, नळी तुंबली का गं?"

मी घालून पाहिला. चिरचिर अगदी स्वच्छ.

"मला येतंय ऐकू," म्हटलं. जिंकल्यासारखं म्हटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि इंजिन बंद केलं.

२० जानेवारी

दवाखाना उघडला नाही. जेवलेही नाहीत. मी एकदा मागून हाक मारली. वळले नाहीत.

२२ जानेवारी

कचरूनं नवा पंप बसवून गाडी आणून दिली. ह्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव. या हिवाळ्यात ज्यांना ज्यांना छाती साफ आहे म्हणालो, त्या सगळ्यांच्या घरी जायचंय."