निवडून पाठवलेली माती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तेवढा गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? इकडे सगळे मजेत. कळवायचं ते एवढंच की तुझ्या भावाचं अंगण सध्या अख्ख्या गल्लीत गाजतंय.

त्याचं असं झालं, नात रांगायला लागली आणि दिसेल ते तोंडात घालायला लागली. सूनबाई म्हणाली, जुन्या घरांच्या रंगात शिसं असायचं, ते झडून मातीत उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट, तेव्हा अंगणातली माती तपासून घेऊ. मी म्हटलं, आपली माती? आप्पांनी हाताने भुसभुशीत केलेली? खुशाल तपासा! नमुना मीच तयार केला. आणि ताई, तुला ठाऊकच आहे, आपल्या घरातून न निवडलेली वस्तू बाहेर जात नाही. (आप्पा दुकानदाराला परत करायचे तांदूळसुद्धा आधी निवडायचे.) चष्मा लावून, माती ताटात पसरून मी खडे, काड्या आणि ते निळे निळे पापुद्रे एकूण एक वेचून काढले, दोनदा चाळली आणि नव्या कोऱ्या डब्यात भरून पाठवली. अहवाल आला, माती उत्तम! मी तो सगळ्यांना वाचून दाखवला, शेजारच्या रिटायर्ड इंजिनियरला जरा मोठ्यानेच.

सूनबाईने फक्त एवढंच विचारलं, "बाबा, ते निळे पापुद्रे कसले होते?" कसले म्हणजे काय, खिडक्यांचा जुना रंग, असं म्हणता म्हणता मी हातातला अहवाल खाली ठेवला. नात त्याच खिडकीखाली बसून माती खायची गं. दुसरा नमुना सूनबाईने स्वतः तिथूनच, जसाच्या तसा उचलून पाठवला (मला पायरीवरून हलायची बंदी होती). शिसं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. नातीच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मला घास गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, काळजी नाही. मी दवाखान्यात सगळ्यांदेखत रडलो.

मग मात्र कंबर कसली (धरली ती तेव्हाच). खिडक्यांचा रंग माहितगार माणसाकडून काढून घेतला, खालची माती उचलून न्यायला लावली, बाकी अंगणावर जाड कापड, त्यावर विकतची स्वच्छ माती आणि हिरवळ. भाजी आता उंच वाफ्यात. चपला दाराबाहेर, आणि हात धुतल्याशिवाय मलाही घरात प्रवेश नाही. गल्लीतले लोक सल्ल्याला येतात, मी चहा पाजून सविस्तर देतो. इंजिनियरनेही माती तपासली, पण त्याच्याकडे आमच्या निम्मंसुद्धा शिसं निघालं नाही. काय करणार, घर जुनं ते आपलंच! बिचारा तोंड पाडून गेला.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : गेल्या वर्षी तुझ्या कुंड्यांसाठी मी 'माहेरची माती' म्हणून मोठ्या कौतुकाने पोतं पाठवलं होतं, ते त्या खिडकीखालचंच. पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलंय, पण सुरुवातीला लिहायचा धीर होईना. तुझ्या नातवाला कुंड्यांपाशी फिरकू देऊ नकोस, त्याचं रक्त तपासून घे आणि माती आजच्या आज तपासायला दे.

आणखी एक : नमुना सुनेला भरू दे, तू हात लावू नकोस. तूही आप्पांचीच लेक, निवडत बसशील.