मजला हलत नाही म्हणे

अप्पा, मे महिन्यात मफलर गुंडाळून नोकरी करणारी मुंबईतली मी बहुधा एकटीच. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी थंड हवा. माझ्या सांध्यांची कोणी चौकशी केलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा हे यंत्र आपल्याकडे नव्हतं. आता परळच्या गिरणीचा मजला कापड विणणाऱ्या मागांच्या धक्क्यांनी किती हलेल, ते आम्ही यालाच विचारतो. माग एका फेरीत मजल्याला एकदा पुढे ढकलतो, एकदा मागे ओढतो. लाटेसारखा चढता-उतरता तो भार कोणत्या क्षणी किती, ते आकडे मात्र आपण भरायचे. आज आमच्या नव्या इंजिनिअर मुलीने नेमके अर्ध्या-अर्ध्या फेरीचे आकडे भरले. तिथे लाट दर वेळी शून्यावरच असते. यंत्राने शांतपणे सांगून टाकलं, मजला हलत नाही.

मला गिरगावातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. खाली रस्त्यावर मोर्चा, ‘झालाच पाहिजे’चा गजर, वर टेबलाशी गिरणीच्या मजल्याचा हिशेब मांडून बसलेले तुम्ही आणि तुमचा तो तरुण मदतनीस. अख्खं गिरगाव मुंबई मागत होतं. मला त्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती, तीही नारळ खवून झाल्यावर. त्या मदतनिसाने आलेखावर असेच अर्ध्या-अर्ध्या फेरीचे ठिपके मांडलेले, जोडले तर सरळ रेघ! माझा गणितात एक गुण गेला तर अबोला धरणारे तुम्ही, खो-खो हसलात. “शाबास रे बाळा! गिरणीच बंद पाडलीस की!” मग त्याला गॅलरीत नेऊन शेजारच्यांचा झुलता पाळणा दाखवलात.

“मधून जातो तेवढ्यापुरते डोळे उघड, एरवी मीट. काय दिसतं?”

“थांबलाय, साहेब.”

“म्हणून सारखं बघत राहायचं.”

मी खोबऱ्याबरोबर बोटही खवलं. मला कधी बाळा म्हणालात?

आज त्या मुलीला मी पाळणाच सांगितला. “मॅडम, हे कुठे शिकलात?” तिने विचारलं. ‘वडिलांकडे’ हे उत्तर तोंडावर आलं. वर्षानुवर्षं तेच देत आलेय. पण तुम्ही मला कुठे शिकवलंत? तुमचा तो मदतनीस चुकला नसता तर तुम्ही बोलला नसतात, आणि माझ्या कानावर काही पडलं नसतं. म्हणून संध्याकाळी त्याला माहीमला फोन केला. म्हटलं, “तुमच्या त्या सरळ रेघेमुळे मी हे काम शिकले. आभार मानायचे राहिले होते.”

“कुठली रेघ गं?” मी त्याला गॅलरीतल्या पाळण्याची आठवण दिली. “हां, तो पाळणा होय! अगं, मला तो तेव्हाही कळला नव्हता. साहेब इतके खुशीत होते, म्हटलं, हो म्हणून मोकळं व्हावं.”

हे पत्र फाडायचंच आहे, म्हणून लिहिते: फोन ठेवल्यावर मी दोन घास जास्त जेवले.