अंगावर पितंय तोवर

प्रिय कल्याणी,

बिबवेवाडीहून वारजे म्हणजे काही विलायत नाही, तरी पत्र लिहिते आहे. तुझा फोन आला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला सांगतात. प्रत्यक्ष आले तर आपल्या दोघींच्या मधोमध बसतात, जणू आपण घर लुटायचा बेत करतोय. म्हणून हे मेथीच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवते. मेथी त्यांना चालत नाही, तेव्हा डबा तूच रिकामा करशील. तुझी तब्येत बरी आहे ना? फोनवर बरी आहे म्हणतेस, ते मी धरत नाही.

आधी इकडची बातमी. प्रियदर्शनीला आठवा लागला. दर तपासणीला ती आणि श्याम आत जातात आणि सासूबाई, म्हणजे मी, बाहेर बाकावर. वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, यात एवढं गुपित काय असतं? घरी आले की दार लोटून कुजबुज, मी पाणी घेऊन गेले की दोघं गप्प. आधी वाटलं, बाळात काही खोट निघाली आहे आणि मला सांगत नाहीत. मग वाटलं, सूनबाई बाळंतपणाला माहेरी नागपूरला जाणार आणि आमचा श्याम तिच्यामागोमाग तिकडेच बिऱ्हाड करणार. तुझ्या बाबांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, तू पोलिसात हवी होतीस. सरळ उत्तर दिलं तर यांच्या पुणेरीपणाला बट्टा लागतो.

मागच्या मंगळवारच्या तपासणीला मी पिशवी द्यायचं निमित्त करून आत शिरले आणि खुर्ची ओढून बसलेच. काय निघावं? बाळंतपण झाल्या झाल्या तांबी बसवून घ्यायची बोलणी चालली होती! घरात पहिला पाळणा हलायचाय अजून, आणि ही पुढचा लांबवायला निघाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई सांगू लागल्या की अंगावर पाजतोय तोवर दिवस जात नाहीत, या भरवशावर राहू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, तोवरच तो आधार. वरचं खाणं सुरू झालं की गेला. मग पाळी यायच्या आधीसुद्धा दिवस राहू शकतात. प्रियदर्शनी मान डोलावत होती आणि मी बसल्या जागी बोटांवर तुझ्या ओवीचे महिने मोजू लागले.

कारण अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत, हेच तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितलंय आणि तू मला हसत हसत ऐकवलं होतंस. ओवीचं उष्टावण होऊन दोन महिने झाले. परवा तुम्ही आलात तेव्हा मी लसणाची फोडणी घातली, तर तू तिला काऊ दाखवायचं निमित्त करून गॅलरीत गेलीस. भर दुपारी कुठला काऊ? कठड्याला धरून डोळे मिटून उभी होतीस, मी पाहिलं. तुझा चहाही तसाच निवला, एरवी चहासाठी भांडणारी तू. तेव्हा मला वाटलं, जागरण झालं असेल.

कल्याणी, ओवीच्या वेळी तुझं सिझर झालं, रक्त चढवावं लागलं. बाहेर उभी राहून मला देवाचं नावही नीट घेता येत नव्हतं. दोन वर्षं तरी थांबा, असं तिथे बजावून सांगितलं होतं. थांबायचं कसं, हे मात्र कोणीच बोललं नाही. भीती वाटते गं मला.

म्हणून हे लिहिलं. गुरुवारी सकाळी तुला न्यायला येते. माझे डोळे तपासायचे आहेत, सोबत हवी, असं तुझ्या सासूबाईंना कळवलंय. खरं तर याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. माझा संशय खोटा ठरला तर मला पोटभर हस आणि पुढची सोय काय करायची ते तिथेच विचारून घे. खरा ठरला तर मी रागावणार नाही, आणि काय करायचं ते तू ठरवशील, मी नाही आणि तुझ्या सासूबाई तर नाहीतच. नातवंडं होतील तेव्हा होतील. मला माझी मुलगी हवी आहे.

तुझीच,
आई